श्रीवर्धनच्या चाचांस जाहीर आभार

आदरणीय चाचा, सलाम.

आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत, ठाऊक आहे. पण मंडणगडपासून मुरुडपर्यंत आपली कितीतरी माणसं आखातात आहेत, म्हणून उघडच लिहितो.

धाकट्याच्या कंपनीने दुबईत हिशोब थकवला. तिथल्या कामगार मंत्रालयातल्या तडजोडीत मिटलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. तिथल्या कोर्टाचं कामकाज अरबीत; याला इंग्रजी बरं येतं, अरबी दुकानापुरती. वेसवीहून फेरीबोटीने बागमांडल्याला उतरून आई नि मी तुमच्या दारात आलो, ते तुम्हीच फोनवरून दुभाषी म्हणून बोलाल या आशेने. उभी हयात तिकडे गेलेली तुमची! तुम्ही सरळ नाही म्हणालात. "बाजारातली अरबी कोर्टात चालत नाही. न्याय मंत्रालयाचा परवाना असलेला माणूस हवा." आईला ते लागलं, खरं सांगतो. पण आभार मानायचे आहेत ते त्याचेच. 'मी आहे ना, होऊन जाईल' म्हणणारे आपल्याकडे काय थोडे आहेत?

जुन्या ओळखीतून तुम्ही इंग्रजी-अरबी कायदेशीर दुभाषी शोधलात, आधी परवाना बघितलात, मग पैशांचं बोललात. बँकेची स्टेटमेंटं, कंपनीची इंग्रजी पत्रं परवानाधारक अनुवादकाकडून अरबीत करून, शिक्का मारून घ्यायला लावलीत.

आणि ती तालीम! इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाली की धाकट्याला व्हिडिओ कॉल. कधी लागलास? मूळ पगार किती? शेवटचा पगार कधी जमा झाला? तो भडाभडा बोलायला लागला की तुमचं बोट वर. एक वाक्य, थांब, दुभाष्याला तेवढं सांगू दे, मग पुढचं. वर ताकीद, "तो तुझा वकील नाही. रडलास तरी पदरचा एक शब्द घालणार नाही." ग्रॅच्युइटी मूळ पगारावर, पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे 21 दिवसांची, पुढे 30 दिवसांची, हेही त्याच्याकडून घोकून घेतलंत. सुनावणीत नेमकं तेच विचारलं गेलं, आणि गडी अडखळला नाही.

रजेचे थोडे पैसे बुडाले, ते असो. बाकी सगळे खात्यात आले.

आता शारजात नवी नोकरी लागतेय. कराराची प्रत आलीय, अरबी आणि इंग्रजी दोन्ही. सही करू नकोस म्हणून बजावलंय त्याला. रविवारी घेऊन येतो, एकदा नजर घाला.

तुमचा,
वेसवीचा पुतण्या