त्याच वळूबद्दल

चि. मानसीस,
अनेक आशीर्वाद.

थोरल्या वळूची वासरे दूध तोडताना वजनाला सरस भरली, म्हणून यंदा त्याच्या मुलींवर त्यालाच वापरावे का, असे तू विचारले आहेस. वापरू नये असे माझे मत आहे. ‘चांगले रक्त घरातच राहू दे’ असे सांगणारे तुला पुष्कळ भेटतील, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

ते सांगतात त्यात तथ्य नाही असे नाही. इंग्लंडमध्ये शॉर्टहॉर्न जात घडत असताना कॉलिंग बंधूंनी फेव्हरिट हा वळू त्याच्या आईवर वापरला, त्यातून झालेल्या कालवडीवर पुन्हा त्यालाच वापरले, आणि तिच्या पोटी जन्मलेला कॉमेट १८१० मध्ये एक हजार गिनींना विकला गेला. एकसारख्या बांध्याची जनावरे अशा पैदाशीतून मिळतात. मात्र चांगले गुण ज्या वाटेने एकवटतात, त्याच वाटेने लपलेले दोषही एकवटतात, आणि लिलावात त्यांची बोली कोणी लावत नाही.

बाप आणि मुलगी यांच्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे जवळच्या नात्यातील पैदाशीचे माप, २५ टक्के येतो. म्हणजे कोणत्याही जनुकाच्या जोडीतील दोन्ही प्रती त्या एकाच वळूच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असण्याची शक्यता चारात एक असते. सावत्र भावंडांच्या वासरात ती साडेबारा टक्के, तर चुलत भावंडांच्या वासरात सव्वासहा टक्के असते. ही मोजणी अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९२२ मध्ये मांडली, आणि कागदावर वंशावळ असेल तर ती तुलाही करता येईल.

ठळक दोष निदान दिसतात तरी. अमेरिकेत हेरफर्ड जातीत १९४० आणि १९५० च्या दशकांत खुजी वासरे जन्मू लागली. त्या काळी आखूड, दणकट बांध्याची जनावरे पसंत केली जात आणि त्यामुळे हा दोष लपवून बाळगणारेच पुढे निवडले गेले. अँगस जातीत २००८ मध्ये सांधे आखडलेल्या मृत वासरांचा दोष उघड झाला, तो एका अतिशय लोकप्रिय वळूच्या वंशातून पसरला होता. अशा अनेक दोषांसाठी आता चाचणी आहे. मला खरी धास्ती वाटते ती चाचणीत एका जनुकावर बोट ठेवता येत नाही अशा नुकसानीची : गाय एकदा अधिक उलटते (गाभण न राहता पुन्हा माजावर येते), वासरू जन्मताना जरा अशक्त असते, दूध तोडतानाचे वजन थोडे घटते. यातली प्रत्येक गोष्ट चाऱ्यावर किंवा हवामानावर ढकलता येते, आणि बहुतेक जण तसेच करतात.

आपल्याकडे गाई पुष्कळ आहेत, हा दिलासाही फसवा आहे. एक वळू आणि शंभर गाई असतील तर कळपाची परिणामी संख्या, म्हणजे अंतःप्रजननाच्या हिशेबात तो कळप किती जनावरांइतका ठरतो ती, जेमतेम चार भरते. गाई पाचशे केल्या तरी ती चाराच्या आसपासच राहते. चार वळू आणि शंभर गाई असतील तर ती पंधरावर जाते. संपूर्ण जातीसाठी ही संख्या किमान पन्नास असावी असा दंडक आहे, म्हणजे पिढीमागे एक टक्क्याहून अधिक अंतःप्रजनन वाढत नाही. लाखो जनावरे असलेल्या जातीतही सगळ्यांनी त्याच मोजक्या वळूंच्या रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेले वीर्य) घेतल्या, तर ही संख्या शेकड्यात किंवा त्याहून खाली घसरते.

नवा वळू दुसऱ्या कळपातून आणताना त्याचे नाव वेगळे आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस. निदान तीन पिढ्यांचे आजे-पणजे पाहा. विक्रीच्या पुस्तकातील रुबाबदार छायाचित्रे पाहताना वंशावळीची पाने चाळायची राहून जातात. शक्य असेल तर जनुकीय चाचणी करून घे, कारण सख्ख्या भावंडांची वंशावळ एक असली तरी त्यांच्यात प्रत्यक्ष उतरलेला वारसा सारखा नसतो. मागे पडलेल्या वंशातील जुन्या वळूंच्या रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रवायूत जपलेल्या असतात. त्यांतील एखादी चार-सहा गाईंवर वापरायला माझी हरकत नाही, वासरांचे वजन थोडे कमी भरले तरी.

संकर करून हा प्रश्न टाळता येतो असे तू म्हणशील. विक्रीच्या वासरांपुरते ते खरे आहे. पण संकराचा जोम दोन शुद्ध जाती वेगळ्या आणि सुदृढ राहिल्या तरच मिळतो, आणि तू तर शुद्ध जातीचा कळप राखते आहेस.

थोरल्याला विकायची घाई नको. ज्या गाई त्याच्या नात्यातल्या नाहीत त्यांच्यासाठी तो आणखी काही वर्षे उत्तम आहे. त्याच्या कालवडींची यादी आईच्या नावासह पाठव, म्हणजे कोणत्या वंशाचा वळू बघायचा ते ठरवता येईल.

तुझे
बाबा