सातव्यांदा बटण दाबू नकोस

अनगोळ, बेळगाव
१२ जानेवारी

चि. सायली हिस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या ब्रिटनमधल्या घरातला गॅसचा बॉयलर, घर नि पाणी तापवणारा, पेटून विझतोय. काल फोनवर मी त्याबद्दल सांगत होतो आणि तू सगळ्याला "हो अप्पा, हो अप्पा" करत होतीस, तेव्हाच ओळखलं की निम्मं डोक्यावरून गेलंय. म्हणून वही घेऊन बसलोय. पानांचे फोटो काढून आई व्हॉट्सॲपवर टाकील. थंडीचे दिवस आहेत, अंगावर दोन स्वेटर घालून वाच.

तू पाठवलेला बॉयलरचा व्हिडिओ मी इअरफोन लावून दहा-बारा वेळा ऐकला. बघण्यासारखं त्यात काही नाही, पांढरी पेटी आणि लुकलुकणारे आकडे. पण आवाज स्वच्छ आलाय. आधी पंखा घुर्रर्र. मग टिकटिकटिक. मग भप्प करून पेटतो, दोन-तीन सेकंद जळतो आणि विझतो. परत पंखा, परत टिकटिक. तीनदा असं झालं की सगळं गप्प आणि पडद्यावर कोड. यालाच लॉकआउट म्हणतात. जाळ टिकत नाही असं दिसल्यावर त्यानं गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला आणि माणूस येऊन बघेपर्यंत उघडायचा नाही असं ठरवलं. तू त्याला "बिघडला" म्हणालीस. मला तर तो तुझ्यापेक्षा शहाणा वाटला, कारण तू रिसेटचं बटण नऊ वेळा दाबलंस!

आपल्या आजीचा तांब्याचा बंब आठवतो का? खाली शेणी आणि करवंट्या कोंबायच्या, विझला तर फुंकणी घेऊन बसायचं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत फुंकायचं. बंबाला दहा वेळा पेटवलं तरी काही बिघडत नाही. गॅसचं आणि तेलाचं तसं नसतं. न पेटलेलं आत साठत जातं.

आता एक गोष्ट सांगतो, आईला माहीत आहे, तुला नाही. माझ्या डाव्या हातावर तो डाग आहे ना? लहानपणी विचारायचीस तेव्हा "वितळलेलं लोखंड उडालं" म्हणून सांगायचो. खोटं होतं ते. १९९४ साली, दिवाळीच्या आधीची रात्रपाळी. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कोअर ओव्हनचा, म्हणजे ओतकामाचे वाळूचे गाभे भाजायच्या भट्टीचा, डिझेल बर्नर पेटेना. कंट्रोल बॉक्सवरचं लाल बटण लागायचं, मी दाबायचो, पंप सुरू व्हायचा, डिझेल आत फवारायचं, ठिणगी नाही, परत लाल. सकाळी माल द्यायचा होता, सुपरवायझर मागं उभा. मी सहा वेळा दाबलं. सातव्यांदा ठिणगी पडली आणि तोवर साठलेलं सगळं एकदम पेटलं. ओव्हनचं दार उघडून माझ्या अंगावर आलं. भुवया गेल्या, हात भाजला, देवानं डोळे राखले. सकाळी ठिणगी पाडणारा इलेक्ट्रोड काढून बघितला तर पोर्सलिनला केसाएवढी चीर. ठिणगी टोकाला पडायच्या ऐवजी त्या चिरेतून बॉडीत जात होती. दहा मिनिटांचं काम होतं गं. पहिल्याच लाल दिव्याला थांबून उघडलं असतं तर!

तुझ्या बॉयलरला बरीच अक्कल आहे. दर वेळी पेटवायच्या आधी पंखा आतला गॅस बाहेर झाडून टाकतो, आणि बरेच बॉयलर ठरावीक वेळा रिसेट केल्यावर पुढं ऐकतच नाहीत. तरीपण माझा नियम तुला लागू. एकदा दाबायचं. तेच परत झालं तर हात खिशात.

आता तुझ्या आवाजाकडं येतो. टिकटिक ऐकू आली म्हणजे ठिणगी आहे. भप्प झालं म्हणजे गॅसही येतोय. मग विझतो का? जळत्या ज्योतीतून अगदी बारीक वीज जाते, मायक्रोअँपियरमध्ये मोजायची. बर्नरजवळची एक काडी ती वीज पकडते आणि आतल्या कंट्रोल बोर्डाला सांगते, जाळ आहे. काडीवर पुटं चढली, वायर सैल झाली, अर्थिंग बिघडलं की जाळ असूनही बोर्डाला तो दिसत नाही आणि बोर्ड गॅस तोडतो. आमच्या डिझेल बर्नरला काडीच्या जागी जाळाचा उजेड ओळखणारा फोटोसेल असायचा. त्याच्या काचेवर काजळी धरली की हाच खेळ. कॉटन वेस्टनं पुसलं की चालू.

पण तुझ्या बाबतीत मला आधी दुसराच संशय आहे. तू म्हणालीस, पहाटे अडतो आणि दुपारी आपोआप चालतो. काडी दुपारी आपोआप साफ होत नाही. शिवाय व्हिडिओत विझायच्या आधी गुडगुड ऐकू येते, हुक्क्यासारखी. तुमच्याकडचे हे बॉयलर धूर इतका थंड करतात की त्यातल्या वाफेचं पाणी होतं. ते पाणी बारीक प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर गटारात जातं. रात्री बाहेर पाणी गोठतंय असं तूच सांगितलंस. पाइपात बर्फ धरला की पाणी मागं तुंबतं आणि बॉयलर जाळ धरत नाही.

तेव्हा असं कर. बाहेर जाऊन भिंतीतून निघणारा बारीक पांढरा पाइप शोध. कोपऱ्यावर आणि तोंडाशी बर्फ जास्त धरतो. किटलीतलं उकळतं पाणी ओतू नकोस, प्लास्टिक तडकेल. कोमट पाणी तांब्यानं, नाहीतर जगमधून, सावकाश ओत. गरम पाण्याची पिशवी बांधून ठेवलीस तरी चालेल. ओतलेलं पाणी पायाखाली गोठतं, तिथं मीठ टाक, घसरून पडू नकोस. पाइप उंचावर असला तर शिडीबिडी लावायची नाही. मग आत येऊन रिसेट. एकदाच!

त्याआधी दोन गोष्टी बघून घे. बॉयलरवरच्या प्रेशरच्या काट्यानं थंड असताना १ ते १.५ बार दाखवायला हवं. आणि गॅसचा मीटर आधी पैसे भरायचा असेल तर शिल्लक बघ. हसू नकोस, फाउंड्रीत बर्नर का पेटत नाही म्हणून दोन तास खोलाखोल केल्यावर टाकीत डिझेलच नाही हे आम्हाला कळलेलं आहे.

पाइप मोकळा करूनही अडलाच तर घरमालकाला कळव. पेटीचं झाकण स्क्रू फिरवून उघडायचं नाही. मला हजार वेळा मोह होईल, व्हिडिओ कॉल लावून तुझ्याकडून करून घ्यावं असा, पण नाही. त्या झाकणाचं सील धूर खोलीत येऊ देत नाही. तिथं हे काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेल्या माणसानंच करायचं असतं. भाड्याच्या घराची गॅसची तपासणी दर वर्षी करून त्याचा कागद भाडेकरूला द्यायचा हे घरमालकाला कायद्यानं बंधन आहे. तो कागद मागून घे आणि मला फोटो पाठव. आलेला माणूस फ्लेम करंट, म्हणजे ज्योतीतली ती बारीक वीज, मोजतोय का, इलेक्ट्रोड काढून बघतोय का, ते लांबूनच बघ. नुसतं रिसेट करून गेला तर मला सांग.

इकडं सगळं बरं. आपला गॅस गिझर परवा टिकटिक करून पेटेना. आई म्हणाली, नवा घेऊया. खालचे दोन सेल काढून नवे घातले, झालं. न्हाणीची खिडकी मात्र गिझरचा धूर आत कोंडू नये म्हणून मी खिळा मारून उघडी ठेवलीय, आई थंडी वाजते म्हणून बंद करायची. कुंदा पाठवायचं चाललंय, कुणी तिकडं येणारा मिळाला की.

तुझा,
अप्पा

ता. क. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही नको आणि बंदही नको. खिडक्या उघड, मीटरजवळचा कॉक बंद कर, बाहेर जा आणि बाहेरूनच ०८०० १११ ९९९ ला फोन कर. आणि कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. त्याचा अलार्म खोलीत आहे का? असला तर टेस्टचं बटण दाबून बघ. ते हवं तितक्या वेळा दाब.