मंत्रीसाहेब, दुपारी बागेला कुलूप कशाला?

मा. नगरविकास मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागणी छोटी आहे, टेंडर काढावं लागणार नाही, त्यामुळे कदाचित कुणाला इंटरेस्ट वाटणार नाही, तरी लिहितोय. ऑफिसांच्या भागातल्या बागा दुपारी उघड्या ठेवा.

मी मुंबईत फोर्टला नोकरी करतो. जेवणाच्या सुट्टीत हॉर्निमन सर्कलच्या बागेत या एकदा. कुरिअरवाली पोरं, बँकेतल्या मॅडम, कोर्टाच्या तारखेला आलेली गावाकडची माणसं, सगळे सावली बघून टेकलेले. मांडीवर पेपर, डब्याच्या झाकणात चपाती, आणि भाजीचा डबा शेजारच्याकडे सरकवलेला. खिशात हात न घालता तासभर बसायला ह्या एरियात दुसरी जागा दाखवा बरं. समोर एशियाटिक लायब्ररीच्या, म्हणजे जुन्या टाऊन हॉलच्या, पायऱ्या आहेत हो, पण त्यांचं तोंड पश्चिमेला, ऊन कललं की बूड भाजतं.

आणि टेकणाऱ्यांना रिकामटेकडे समजू नका. १८५० च्या दशकात इथेच टाऊन हॉलसमोर वडाखाली दलाल जमायचे, सौदे करायचे, त्यातूनच पुढे १८७५ ला शेअर बाजाराची रीतसर संस्था झाली. तेव्हा एखादा वॉचमन शिट्टी मारत आला असता ना, "चला उठा, मेंटेनन्सचा टाइम झाला", तर दलाल स्ट्रीटचं काय झालं असतं देव जाणे.

हे आठवायचं कारण म्हणजे मध्यंतरी दुसऱ्या एका शहरात कामाला गेलो होतो, नाव नको, तिथे भर बाजारात मस्त बाग, मोठी झाडं, आणि गेटला ११ ते ४ कुलूप. आत एक माणूस नाही, बाहेर फुटपाथवर डिलिव्हरीची पोरं बाइकवरच पाय पसरून झोपलेली. विचारलं तर म्हणे दुपारी कपल येऊन बसतात. अहो बसू द्या की! त्यांनी कुठे जायचं? सकाळी चालायला येणारे काका तेवढे नागरिक का?

रंगीत कारंजी, सेल्फी पॉइंट राहू द्या बाजूला. गेट उघडं, प्यायचं पाणी, बायकांसाठी पाणी येणारं टॉयलेट, आणि मधे लोखंडी दांडा नसलेले बाक, एवढं बघा. कुठल्या बागेच्या उद्घाटनाला येणार असाल तर सकाळी दहाला नको, मे महिन्यात दुपारी एकला या.

आपला,
फोर्टात डबा खाणारा एक नोकरदार