हॉलमधून मैदानावर

क्लीव्हलँड, ओहायो
१२ एप्रिल

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

मी मजेत आहे. बर्फ वितळला, तेव्हा थंडीची काळजी आता सोडा. बाबा, "एम.एस. करायला गेलास की चेंडू मोजायला?" हे परवाचं बोलणं मनाला लागलं. बेसबॉलच्या चेंडूचा वेग मोजणाऱ्या रडारचे आकडे तपासणं माझ्या अभ्यासातलंच काम आहे, आणि त्याचे तासावर पैसे मिळतात. आई, चेंडू लागत नाही गं, मी जाळीमागे असतो.

मार्चपर्यंत बेसबॉलचा सराव हॉलमध्ये होता. तिथे आधी पंखे बंद करायचे, कारण फिरती पातीही रडारला दिसतात. जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १२० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्यात चेंडू मध्येच काळपट येतो. जानेवारीत माझी एक चूक झाली. फेकणाऱ्याच्या पट्टीपासून होम प्लेटच्या (फटका मारणाऱ्याजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीच्या) मागच्या टोकापर्यंत ६० फूट ६ इंच धरायचे असतात, मी पुढच्या कडेपर्यंत धरले. प्लेट पुढून मागे १७ इंच, तेवढा फरक पडला! रात्री एकटा बसून सगळं पुन्हा मोजलं. शिवाय हॉलमध्ये फटका जाळीत अडतो, किती लांब गेला असता तो अंदाजच. आता मैदानावर चेंडू पडेपर्यंत दिसतो, जीव सुखावतो. वाऱ्याने तिपाई हलते, उन्हात लॅपटॉप दिसत नाही, तरी चालेल.

इथली एक गोष्ट मात्र अजून पचत नाही. खेळाडू सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया मूठभर गालात धरतात. एकेक बी दातांनी फोडायची, गर खायचा, टरफल तिथेच थुंकायचं. तेही हाताने न शिवता, नुसत्या जिभेवर! बाकाखाली टरफलांचा थर साचतो, कोणाला काही वाटत नाही. आपण जिचं तेल काढतो तीच ही बी. आप्पांचं शेत आठवतं.

५०० डॉलर पाठवलेत. त्यातून कर्जाचा हप्ता भरा, उरतील ते मनूच्या साखरपुड्याला. मला येता येणार नाही. तिकीट परवडत नाही, आणि मे महिन्यात परीक्षाही आहे. मनूला मी सांगितलंय, ती "बरं" एवढंच म्हणाली. माझ्या स्थळाचं मात्र आत्ता नको.

साखरपुड्याच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा फोन खिडकीकडे तोंड करून ठेवू नका, चेहरे काळे दिसतात. पंख्याखालीही नको, आवाज घरघरतो. स्टुलावर डबा ठेवून त्याला टेकवा, म्हणजे मनू पूर्ण दिसेल. मी पहाटेपासून जागा असेन.

तुमचा,
नितीन