दसऱ्याच्या आत चालकांसाठी मदतीच्या ३० पेट्या : नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या शेजाऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात आपल्या गल्लीतला एक पिकअपवाला कोथिंबीर भरून रात्री मुंबईला निघाला. गोंदे मागे पडलं आणि मुंढेगावच्या अलीकडे मागचं उजवं चाक बसलं. उजवं, म्हणजे रस्त्याच्या बाजूचं. पावसाची झड चालू होती. त्याने रस्त्याकडेची एक फांदी मोडून गाडीमागे टाकली, चाकाला दगड लावला आणि मोबाईलचा टॉर्च दातात धरून नट सोडवायला बसला. एक ट्रेलर इतक्या जवळून गेला की पाठीवर चिखल उडाला आणि हातातला पान्हा सुटून पडला. घरी त्याने हे सांगितलंच नाही. आठवड्याने मंडळाच्या ओट्यावर बोलला. तेव्हाही त्याचा हात थरथरत होता, तो मांडीखाली दाबून बसला होता.

सगळं ऐकून घेतल्यावर एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी त्याला एवढंच विचारलं, "निघताना तो दगड उचललास का रे?"

उचलला नव्हता. त्या अवस्थेत कोण उचलतो? पण मागून अंधारात येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दगड दिसत नाही. कसारा घाटात आणि राहुड घाटात असे दगड आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आपण वाचलो, पण जाताना दुसऱ्यासाठी अपघात मांडून आलो, हे त्या पोराच्या इतकं जिव्हारी लागलं की त्या रात्री ओट्यावरून कोणी लवकर उठलं नाही. तिथेच ठरलं, की चालकांसाठी पेट्या तयार करायच्या.

आपल्या फाट्यावर घराआड एक चालक आहे. रिक्षा, छोटा हत्ती, शाळेची व्हॅन, अंबड एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बस. जानेवारीपासून द्राक्षांचा हंगाम लागला की पहाटेच्या धुक्यात पिंपळगावच्या वाटेने पिकअप धावतात. २०२७ च्या सिंहस्थात या रस्त्यांवर केवढी गर्दी होणार आहे, ते नाशिककरांना सांगायला नको.

पेटीत सगळ्यात मोलाची वस्तू सगळ्यात साधी आहे : लाल चकाकणारा घडीचा त्रिकोण. तो गाडीला चिकटून ठेवला तर कामाचा नाही. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर पुढे येते. चालकाला दिसेपर्यंत, पाय ब्रेकवर जाईपर्यंत ती तुमच्या अंगावर आलेली असते. म्हणून सरळ रस्त्यावर तो निदान ५० मीटर मागे ठेवायचा आणि घाटात वळणाच्या आधी, वळण संपल्यावर नाही. त्याच्या जोडीला चकाकणारं जाकीट, डोक्याला बांधायची बॅटरी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील, उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची जंपर केबल, बंद गाडी ओढायचा टोचनचा दोर, आग विझवायचं लहान सिलिंडर आणि चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे. ठोकळ्यांना भडक पिवळा रंग आणि लांब दोरी बांधलेली असेल, दोरीचं दुसरं टोक दाराच्या कडीला. म्हणजे ते उचलल्याशिवाय निघताच येणार नाही. ही युक्ती त्या काकांचीच.

प्रथमोपचाराचं सामान वेगळ्या डब्यात राहील. गाडीत तो डबा असावा असा नियम आहेच, पण उघडून पाहिला तर बहुतेकांच्या डब्यात वाळलेली चिकटपट्टी निघते. झाकणावर आतून कुठल्याही आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि महामार्ग मदतीसाठी १०३३ हे क्रमांक ठळक रंगवणार आहोत.

सामान दिलं की काम संपलं, असं आम्ही मानत नाही. दर रविवारी सकाळी मैदानावर तासभर जमायचं. स्टेपनी बदलणं, केबल जोडणं, सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का ते पाहणं, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरणं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी न घालणं. स्कूटर चालवणाऱ्या ताई आणि कॉलेजची मुलंही यावीत, अशी फार इच्छा आहे. शिवाय रोज रात्री दोन घरांनी फोन जागता ठेवायचा, पाळीपाळीने. रस्त्यात अडकलेल्या माणसाला पलीकडून ओळखीचा आवाज ऐकू आला की निम्मा धीर तिथेच येतो.

एक भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे : जखमीला उचललं तर पोलिसांचं लफडं मागे लागेल. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे घरोघरी सांगा.

आता मागणं. ३० पेट्या करायच्या आहेत. २४ चालकांच्या गाड्यांत आणि ६ विल्होळीपासून घोटीपर्यंत पंक्चरवाले, चहावाले यांच्याकडे. एका पेटीला साधारण २,५०० रुपये, म्हणजे एकूण ७५,००० रुपये लागतील. यंदा गणपतीच्या मिरवणुकीत हात आखडता घेऊन मंडळाने २०,००० रुपये बाजूला काढले आहेत. उरलेल्या ५५,००० साठी आम्ही तुमच्या दारी येत आहोत. १०० रुपये दिलेत तरी पावती मिळेल आणि जमाखर्च फलकावर लागेल.

पैसेच हवेत असं नाही. कारखानदार बंधूंनी जुन्या पॅलेटचं लाकूड द्यावं. सुतारकाम येणाऱ्याने दोन संध्याकाळी द्याव्यात. पाच लिटरचे तेलाचे रिकामे कॅन स्वच्छ धुऊन आणा, इंजिनाच्या पाण्यासाठी लागतील. घरातली उरलेली औषधं मात्र कृपया आणू नका. परिचारिका किंवा डॉक्टर असाल तर रविवारचा एक तास द्या.

दसऱ्याला सकाळी गाड्यांना हार घालून पूजा होईल, तेव्हाच पेट्या चालकांच्या हाती द्यायच्या आहेत. देणगी आणि सामान मंदिराशेजारच्या मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळात स्वीकारलं जाईल. तो पिकअपवाला तिथेच ठोकळे रंगवत बसलेला असतो. पावती तोच फाडेल.