आयझेनह्युटनश्टाट ही भूतनगरी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जर्मनीत फुकट घर, बॅग भरा!’ ही बातमी आपल्या अंकात वाचली. पोलंडच्या सीमेवरचे आयझेनह्युटनश्टाट ओस पडले, म्हणून तिथे घरे वाटत सुटले आहेत, असा तिचा सूर. घर कुणी वाटत नाही. २०२५ मध्ये निवडक लोकांना दोन आठवडे विनाभाडे राहून बघायला बोलावले होते, एवढेच. पण त्यातला ‘भूतनगरी’ हा शब्द मला जास्त लागला. मी चिंचवडला फौंड्रीत उभा जन्म काढला. मुलगी बर्लिनला असते. मागच्या खेपेस तिथून रेल्वेने जाऊन हे गाव मुद्दाम पाहून आलो.

१९८८ मध्ये तिथे ५३ हजारांवर वस्ती होती, आज ती २४ हजारांच्या आसपास आहे. बातमीतला हा आकडा बरोबर आहे. पण ते ५३ हजार आले कुठून, हे सांगायला नको?

जर्मनीच्या फाळणीनंतर रूर खोऱ्याचे पोलाद पश्चिमेकडे राहिले, पूर्व जर्मनीची पंचाईत झाली. म्हणून ओडर नदीकाठी पोलादाचा नवा कारखाना काढायचे ठरले. खनिज सोव्हिएत युक्रेनमधल्या क्रिव्ही रीहचे, भट्टीसाठीचा कोक (भाजलेला दगडी कोळसा) पोलंडचा. १८ ऑगस्ट १९५० रोजी मंत्री फ्रिट्झ झेल्बमान यांनी पाइनच्या रानात कुऱ्हाडीचे पहिले घाव घातले आणि वर्षभरात, सप्टेंबर १९५१ मध्ये, पहिली ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातून लोखंड काढायची भट्टी, चालू! आमच्याकडे एक साधा कपोला (लोखंड वितळवायची छोटी भट्टी) बसवायला किती महिने गेले होते, ते आठवून मला हसू आले. कामगारांसाठी शेजारीच वसवलेल्या शहराला १९५३ मध्ये स्टालिनश्टाट नाव दिले. १९६१ मध्ये स्टालिन नकोसा झाला, तेव्हा शेजारचे जुने फ्युर्स्टेनबर्ग त्यात मिळवून आजचे नाव ठेवले. दहा वर्षांच्या पोराने सातशे वर्षांच्या आजोबांना दत्तक घ्यावे, तसलाच प्रकार.

या कारखान्याची एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसाला चटका लावते. लोखंड इथे, १९६८ पासून कोल्ड रोलिंग (थंड पत्रा लाटून पातळ करणे) इथे, १९८४ पासून पोलादही इथेच. मधले हॉट रोलिंग, म्हणजे तापलेले पोलाद लाटून पत्रा करणे, मात्र नाही! त्यासाठी माल बाहेर पाठवायचा आणि परत आणायचा. ही मिल आली ती थेट १९९७ मध्ये, कारखाना बेल्जियमच्या कंपनीने घेतल्यावर. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. १९९० मध्ये पश्चिम जर्मनीचे चलन आले, पूर्वेकडची गिऱ्हाइके तुटली. जिथे बारा हजारांच्या आसपास माणसे कामाला होती, तिथे आज अडीच हजारांच्या आसपास आहेत. एका कारखान्यासाठी वसवलेल्या गावात तरुण पोरे थांबतील कशाला?

रिकाम्या इमारतींचे काय केले, तेही बातमीत नाही. पाडापाडी कडेने सुरू केली. शेवटी बांधलेल्या, तयार काँक्रीट पॅनेल जोडून उभारलेल्या इमारती आधी गेल्या, पन्नाशीच्या दशकातला मधला भाग वारसा म्हणून राखला. तो मी पायी फिरलो. अंगणात कपडे वाळत घालायचे लोखंडी खांब, दारांवर कोरीव काम, जुन्या पाळणाघरात चित्रकार वाल्टर वोमाका यांच्या रंगीत काचा आणि जुन्या पूर्व जर्मनीतल्या रोजच्या वस्तूंचे संग्रहालय. लिंडनअले या मुख्य रस्त्यावर उभे राहिले की रस्त्याच्या टोकाला कारखाना दिसतो; शहर आखलेच तसे आहे. रस्त्यावर म्हातारी माणसे जास्त दिसली, हे कबूल. पण बाकांवर गप्पा रंगल्या होत्या, बेकरीत रांग होती.

काळजीचे कारण वेगळेच आहे. कारखाना आता आर्सेलरमित्तलकडे आहे. कोळशाऐवजी हायड्रोजनच्या वाटेने पोलाद करायची योजना कंपनीने जून २०२५ मध्ये रद्द केली, ब्रेमेन आणि इथले मिळून १.३ अब्ज युरोंचे सरकारी अनुदान सोडून. मालक लक्ष्मी मित्तल राजस्थानात जन्मलेले. निदान त्यासाठी तरी आपल्या वार्ताहराने तिकडे डोकवायला हरकत नव्हती.

‘फुकट घर’ आणि ‘भूतनगरी’ या दोन शब्दांची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फौंड्री कामगार, चिंचवड