खांदेरीचा दिवा

दादर, मुंबई

प्रिय सुहास,

तुझं पत्र कालच मिळालं. खांदेरीचा फोटो पाहून तू लिहिलंस, 'महाराजांच्या किल्ल्यावर इंग्रजांचा दिवा डोळ्यांत खुपतो.' मला ते पटत नाही. मला तो दिवा किल्ल्याइतकाच जवळचा आहे.

नकाशा काढून बघ. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर, बंदराच्या वाटेवरच हे बेट आहे. महाराजांनी १६७९मध्ये मायनाक भंडाऱ्याला तिथे तटबंदी बांधायला धाडलं ते उगीच नाही. इंग्रजांच्या पोटात गोळाच आला. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली, पण त्यांची मोठी जहाजं वाऱ्याच्या भरवशावर. आपले छोटे मचवे रात्री वल्ही मारत त्यांच्या नाकासमोरून रसद पोचवत राहिले! ऑक्टोबरात महाराजांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराने चाल केली आणि त्यांचं 'डव्ह' जहाज आपल्या हाती लागलं. शेवटी तह करून इंग्रज मागे फिरले. पुढे १७१८मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या काळात ते पुन्हा चालून आले आणि पुन्हा हात हलवत परतले.

बेट त्यांना मिळालं ते मराठेशाही बुडाल्यावर. मग १८६७मध्ये तिथे हे अष्टकोनी दीपगृह उभं राहिलं. कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दीपगृहाचा मनोरा १८७५चा, म्हणजे खांदेरीचा दिवा त्याच्याहून जुना. जागेची जी नस महाराजांनी ओळखली, तिच्यावरच इंग्रजांनीही बोट ठेवलं. मुंबई बंदरात शिरायचं तर खांदेरी चुकवून चालत नाही. दिवा लावला तो त्यांनी स्वतःच्या मालासाठी, हे खरं. पण त्याच्या उजेडात थळचे कोळीही सुखरूप घरी आले, ते कसं विसरायचं?

कोळ्यांचा वेताळ तिथेच आहे. त्याच्या देवळात करवत माशाच्या दातेरी सोंडा वाहिलेल्या दिसतात. दोन्ही कडांना अणकुचीदार दात, हात लावायची हिंमत होत नाही. बेटावर एक मोठा खडकही आहे, त्यावर दगड आपटला की भांड्यासारखा खणखणतो. आणि लोखंडी चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा! गाड्यासकट तोफ आपल्याकडे क्वचितच बघायला मिळते.

जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरी आहे. आनंदच झाला. पण उद्या डागडुजी निघाली की कोणी 'हे इंग्रजी बांधकाम मध्ये कशाला' असं म्हणू नये, याचीच मला धास्ती वाटते. तटबंदी आणि दीपगृह दोन्ही राखायला हवीत. बेटाला कान्होजींचं नाव दिलंय. आज त्या नावाचा दिवा जहाजांना वाट दाखवतो, यात मला तरी कमीपणा वाटत नाही.

तू स्वतः येऊन बघ. पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्यामुळे दिवाळीनंतरचं ठरव. भरती-ओहोटी बघूनच निघावं लागतं, तेव्हा तारीख आधी कळव. थळच्या होडीवाल्याशी मी बोलून ठेवतो. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मिलिंद